झोपेची कळ कोणाच्या हाती?

— द्वितीय वर्ष, कला

वक्तृत्व स्पर्धेच्या विषयांची यादी फलकावर लागली की त्यात एक विषय हमखास असतो. पूर्वी तो ‘दूरदर्शन : शाप की वरदान?’ असा असे. हल्ली तो ‘मोबाईल : शाप की वरदान?’ असा असतो. शाळेपासून आजवर मी या विषयावर तीन वेळा बोलले आहे. दोनदा शापाच्या बाजूने आणि एकदा, वरदानाच्या बाजूने कोणी उभे राहायला तयार नव्हते म्हणून, वरदानाच्या बाजूने. उत्तेजनार्थ का होईना, बक्षीस मात्र वरदानाच्याच वेळी मिळाले. पण मित्रहो, तिन्ही वेळा घरी परतल्यावर दिसलेले दृश्य एकच होते. आमची पुढची खोली, फळीवर चालू असलेला टीव्ही, आणि त्याच्यासमोर खाटेवर गाढ झोपलेले अण्णा.

शाप की वरदान, हा प्रश्न झोपलेल्या माणसाला कसा विचारायचा? जो पाहतच नाही, त्याला टीव्ही घडवतो की बिघडवतो ही चर्चाच फोल आहे. म्हणून यंदा अंकासाठी काही लिहून द्या असे सरांनी वर्गात सांगितले, तेव्हा मी ठरवले की या विषयाचे ते मोठे दार सोडून एका लहानशा खिडकीतून आत डोकवायचे. ती खिडकी म्हणजे रिमोटवरची स्लीप टायमरची कळ. विषय ऐकून माझ्या मैत्रिणी हसल्या. वाचकांनीही हसायला हरकत नाही. पण हसून झाल्यावर पुढे वाचावे, एवढीच विनंती.

आधी ही कळ काय करते ते सांगते, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती आहे आणि कोणी दाबलेली नाही. टीव्ही पाहता पाहता झोप लागणार असे वाटले की ही कळ दाबायची. पडद्यावर १५, ३०, ६० असे मिनिटांचे आकडे येतात. हवा तो आकडा ठरवायचा आणि निवांत पडायचे. तेवढी मिनिटे झाली की टीव्ही आपोआप बंद होतो. गजराचे घड्याळ जसे माणसाला उठवते, तशी ही कळ यंत्राला निजवते.

आमच्या घरी तिची गरज का पडली, ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. श्रीरामपूरपासून हरेगावच्या रस्त्याला आत आमची वस्ती. घर दोन खोल्यांचे: पुढची खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात आई आणि दहावीतला धाकटा भाऊ झोपतात; पुढच्या खोलीत अण्णा, मी आणि टीव्ही. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे घरात माझ्या अभ्यासाला फार मान आहे, पण जागा नाही. पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला. तो टीव्हीमुळे राहिला असे मी मैत्रिणींना सांगत असे. ते अर्धेच खरे होते. उरलेल्या अर्ध्याकडे पुढे येईनच.

वाचनालयात बसत जा, असे आमचे एक सर मायेने म्हणाले होते. पण आमच्या बाजूची शेवटची गाडी संध्याकाळी सव्वासहाला सुटते. ती चुकली की वडापच्या जीपमध्ये उभे राहायचे, आणि मुलीने अंधारात उभे राहिलेले घरी चालत नाही. म्हणजे माझा अभ्यास घरीच, आणि घरी रात्री दहानंतरच. कारण दहापर्यंत भांडी, भाकरी आणि शेळ्या. दहानंतर टीव्हीसमोर अण्णा झोपलेले असत. मग बंद करायचा ना टीव्ही, असे तुम्ही म्हणाल. वाचकहो, ज्यांच्या घरी वडील आहेत आणि टीव्हीही आहे, त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. घोरणाऱ्या माणसाच्या हातातून रिमोट अलगद काढून घ्यावा, लाल कळ दाबावी, की त्याच क्षणी आवाज येतो, “राहू दी गं, बघतोय मी!”

हा हट्ट आहे, असे मी दोन वर्षे समजत होते.

दिवाळीत माझे मामा मुंबईहून आले. ते रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करतात. आमच्या टीव्हीचा मूळ रिमोट भावाच्या हातून पडून फुटला होता आणि आम्ही सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर भागवत होतो. मामांनी एक युनिव्हर्सल रिमोट आणला. युनिव्हर्सल म्हणजे कोणत्याही कंपनीच्या टीव्हीला चालणारा. त्याच्यासोबतच्या कागदावर कंपन्यांची नावे आणि त्यांपुढे आकडे असतात. आपल्या टीव्हीचा आकडा रिमोटमध्ये भरला की झाले. आकडा सापडला नाही तर दुसराही मार्ग आहे. जुना आणि नवा रिमोट समोरासमोर, तोंडाला तोंड लावून ठेवायचे आणि जुन्याची एकेक कळ दाबत जायची. नवा रिमोट ती खूण शिकून घेतो. यंत्रालाही गुरूसमोर बसूनच शिकावे लागते, हे पाहून मला मौज वाटली.

ती खूण म्हणजे काय, हेही मामांनी दाखवले. रिमोटच्या टोकाशी एक इवलासा दिवा असतो. त्याचा प्रकाश अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा. डोळ्यांना दिसत नाही. पण मोबाईलचा कॅमेरा समोर धरून कळ दाबली तर बहुतेक मोबाईलमध्ये तो जांभळट लुकलुकताना दिसतो. हा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या लांब-आखूड तुकड्यांतून टीव्हीला कळते की आवाज वाढवायचा की बंद व्हायचे. तारायंत्रासारखेच हे, फक्त तार नाही.

ही विद्या आजची नव्हे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली यांनी १९५५ साली टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट तयार केला. तो विजेरीसारखा प्रकाशाचा झोत टाकणारा होता. पण खिडकीतून ऊन आले तरी टीव्ही बावचळे, म्हणून पुढच्याच वर्षी, १९५६ साली, रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट आणला. त्यात सेल लागतच नसत. कळ दाबली की आतली छोटी हातोडी धातूच्या कांडीवर आपटे. आणि हवे ते शिकवता येणारा एक प्रोग्रॅमेबल रिमोट १९८७ साली बाजारात आला. तो ज्यांनी काढला त्या स्टीव्ह वॉझनियॅक यांचे नाव अ‍ॅपल संगणकाच्या जन्मदात्यांपैकी एक म्हणून आपण ऐकतो. एवढ्या मोठ्या माणसांनी बुद्धी खर्च केली ती बहुतांशी एकाच गोष्टीसाठी : माणसाला जागेवरून उठावे लागू नये. उठायचे नसेल तर निदान निजताना तरी यंत्राचे यंत्राने पाहावे, ही त्याच विचाराची पुढची पायरी.

तर मामांच्या रिमोटवर चंद्रकोरीचे चित्र असलेली कळ होती. मी अण्णांना काही न सांगता ती रोज रात्री दहाला दाबू लागले. साठ मिनिटे. माझा हिशोब असा : अण्णा सव्वादहाला झोपतात, अकराला टीव्ही आपोआप बंद होईल, कोणी बंद केला याचा पत्ताच नाही, आणि मला पुढे दीड तास शांतता.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. एका रात्री साडेदहाला वीज गेली. टीव्ही अर्थातच बंद पडला. दहा-पंधरा मिनिटांनी वीज आली, पण आमचा टीव्ही वीज आली म्हणून आपणहून सुरू होत नाही. लाल ठिपका दाखवत उभा राहतो. सगळे शांत झोपलेले. मी खूश होऊन पुस्तक उघडले. आणि बरोबर अकराला टीव्ही मोठ्या आवाजात सुरू झाला! भाऊ दचकून उठला, आई स्वयंपाकघरातून ओरडली, बाहेर कुत्रे भुंकू लागले.

दुसऱ्या दिवशी मामांना फोन केला तेव्हा ते हसत सुटले. या रिमोटमध्ये टायमर टीव्ही मोजत नाही, रिमोट स्वतः मोजतो, असे त्यांनी सांगितले. वेळ संपली की तो नुसती चालू-बंदची खूण पाठवतो. खूण एकच, चालू असेल तर बंद करणारी आणि बंद असेल तर चालू करणारी. मध्यंतरी घरात काय घडले ते रिमोटला ठाऊक नसते. तो खूण पाठवतो, पाहत नाही. शिवाय असा रिमोट टीव्हीकडे तोंड करून ठेवावा लागतो. गोधडीखाली गेला तर वेळ होऊनही टीव्ही बंद होत नाही. त्यापेक्षा टीव्हीच्याच यादीतला टायमर लावावा. तो टीव्ही स्वतः मोजतो, आणि वीज गेली तर त्याचा हिशोबच पुसला जातो. निदान बंद टीव्ही चालू तरी करत नाही. ज्यांना ही कळ वापरायची आहे त्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा, म्हणून मुद्दाम लिहिले. आणखी एक. नुसता सेट-टॉप बॉक्स बंद करून समाधान मानू नये. पडदा ‘सिग्नल नाही’ असे म्हणत उजळलेलाच राहतो आणि बऱ्याच वेळाने आपणहून विझतो.

मी टीव्हीच्या यादीतला टायमर शोधून काढला. आता यंत्र चुकणार नव्हते. अकरा वाजले, टीव्ही आपोआप विझला, खोलीत शांतता पसरली.

आणि अण्णा ताडकन उठून बसले. “लाईट गेली काय?”

त्यांनी उशाखालची बॅटरी चाचपली, पाय खाली सोडले, चपला शोधू लागले. मी म्हटले, “अण्णा, लाईट आहे, टीव्ही बंद झालाय फक्त.” त्यांनी दिव्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता आडवे झाले. पण मग बराच वेळ कूस बदलत राहिले. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच. बॅटरी, चपला, “लाईट गेली काय?”

चौथ्या दिवशी शेळ्यांना घास कापताना मी आईला हे सांगितले. आई सहज म्हणाली, “मोटर बंद पडल्यावानी वाटत असंल त्यांना.”

मित्रहो, त्या एका वाक्याने माझे दोन वर्षांचे ‘हट्ट’ हे निदान खोटे ठरवले. अण्णांनी वीस वर्षे लोकांच्या उसात आणि गव्हात रात्रीची दारे धरली. आपल्या भागात शेतीच्या विजेची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की विहिरीवर मोटर चालू करायची, सारा भरेपर्यंत बांधावर पोत्यावर पडायचे, भरला की दार मोडून पाणी पुढच्या साऱ्यात घालायचे. त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या झोपेत मोटरचा घरघर आवाज हीच अंगाई होती. आवाज चालू आहे, म्हणजे पाणी चालू आहे, म्हणजे झोपायला हरकत नाही. आवाज थांबला, म्हणजे वीज गेली. उठा, पाहा, आल्यावर पुन्हा चालू करा, नाहीतर मालक सकाळी कोरडा सारा दाखवून विचारणार. पाठीच्या दुखण्याने त्यांनी हे काम सोडले त्याला आता तीन वर्षे होतील. पण वीस वर्षांची सवय शरीर सोडायला तयार नाही. जगाला आवाजाने जाग येते. माझ्या वडिलांना शांततेने जाग येते.

म्हणजे ते टीव्ही पाहत नव्हते हे खरे, पण तो त्यांच्या उपयोगाचा नव्हता हे खोटे. त्यांनी मोटरच्या जागी टीव्ही बसवला होता. आणि मी, त्यांची शिकलेली लेक, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारी, रोज रात्री चोरून त्यांची मोटर बंद करत होते.

येथून पुढे मला जे म्हणायचे आहे ते माझे मत आहे आणि ते कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही.

पहिले मत असे की, टीव्ही-मोबाईल बंद करायचा की नाही हा मुख्य प्रश्नच नव्हे. तो कोणी आणि कोणाला विचारून बंद करायचा, हा मुख्य प्रश्न आहे. याची दोन उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात, एकाच वर्षी घडली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या, मुलांच्या हाती मोबाईल आले, आणि शाळा पुन्हा वर्गात भरू लागल्या तरी ते हातातून सुटेनात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की प्रत्येक घरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला हवे त्याने सुरू करावे. या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. सरपंच विजय मोहिते यांनी आधी गावातल्या बायकांची सभा घेतली. मालिकांचे आणि मोबाईलचे वेड आपल्यालाच लागले आहे, हे बायकांनी स्वतः कबूल केले आणि मग गावाने निर्णय घेतला. पुरुष मंडळी प्रथम हसली म्हणतात. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, शिक्षक यांना दारोदार फिरावे लागले. हा सगळ्या गावाचा मिळून एक स्लीप टायमरच म्हणायचा!

दुसरे उदाहरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातले. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. हेतू तोच, काळजी तीच. मुलांच्या भल्यासाठीच केलेला ठराव. त्यावर टीका करण्याइतकी मी मोठी नाही. पण दोन्ही गावांत मला एक फरक दिसतो. पहिल्या गावात मोठ्यांनी आधी आपला टीव्ही बंद केला. दुसऱ्या गावात मोठ्यांनी मुलांचा मोबाईल बंद केला. एकात कळ दाबणारा आणि सोसणारा एकच. दुसऱ्यात दाबणारा वेगळा, सोसणारा वेगळा. मी अण्णांच्या बाबतीत जे केले ते दुसऱ्या प्रकारचे होते. फरक इतकाच, की येथे धाकटीने थोरल्याला बंदी घातली, आणि तीही न सांगता. स्वतः लावलेला टायमर हा संयम असतो. दुसऱ्याने आपल्या नकळत लावलेला टायमर हे भारनियमनच.

दुसरे मत. काही जण म्हणतील, संयमाला यंत्र कशाला? मनाचा निग्रह असेल तर हाताने बंद करावा! आमच्या वर्गात ही चर्चा झाली तेव्हा एका मित्राने हेच म्हटले. माझे उत्तर असे : पहाटे उठायला आपण गजर लावतो तेव्हा आपल्याला कोणी निग्रहशून्य म्हणत नाही. झोपलेल्या माणसाला निग्रह नसतो. म्हणून जागेपणी आपण आपल्या झोपेतल्या स्वतःसाठी व्यवस्था करून ठेवतो. पहाटेच्या स्वतःला उठवायला गजर, तसा मध्यरात्रीच्या स्वतःला सांभाळायला टायमर. यात कमीपणा कसला?

आणि हेही पाहा, की पूर्वी हा टायमर आपल्याला लावावाच लागत नसे. तो प्रक्षेपण करणाऱ्याकडे होता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा कार्यक्रम संध्याकाळी सुरू होत आणि रात्री संपत. आकाशवाणीही रात्री निरोप घेई. आमची आजी सांगायची, तिच्या तरुणपणी कारखान्याचा भोंगा वाजला की कळायचे पाळी सुटली, आणि रेडिओ मुका झाला की कळायचे रात्र झाली. मग १९९२ साली झी टीव्हीसारखी उपग्रह वाहिनी आली, एकीच्या अनेक झाल्या, आणि हळूहळू चोवीस तासांत ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी उरले नाही. आता तर मोबाईलवर एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी तयार असते. नेटफ्लिक्स कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली उघडच सांगितले होते की आपली स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे. समोरचा इतका स्पष्ट बोलत असेल, तर आपण निदान एक कळ दाबायला हरकत नसावी. त्याच वर्षी शरीरशास्त्र-वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन शास्त्रज्ञांना मिळाले, ते शरीरातल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचे यंत्र उलगडल्याबद्दल. एकीकडे ते घड्याळ ओळखणारे विज्ञान, दुसरीकडे ते बिघडवण्यावर चालणारा व्यापार. कोणाच्या बाजूने उभे राहायचे ते आपण ठरवायचे.

विजेची बचत हा मुद्दा मी शेवटी ठेवला, कारण तो लहान आहे. पन्नास वॅटचा टीव्ही रात्री पाच तास उगाच चालला तर पाव युनिट. महिन्याला साडेसात युनिट. फार मोठी रक्कम नव्हे. पण आमच्या घरी बिल आले की आई ते दिव्याजवळ नेऊन वाचायला लावते, आणि तिथे साडेसात युनिट हा आकडा लहान नसतो.

तिसरे मत सर्वांत महत्त्वाचे, आणि ते प्राध्यापक मंडळींनीही ऐकावे असे वाटते. शांतता हीदेखील एक मालमत्ता आहे आणि ती सर्वांना सारखी वाटलेली नाही. ज्याच्या घरी अभ्यासाची खोली आहे, त्याने दार लावले की त्याला शांतता मिळाली. ज्याच्या घरी एकच खोली आहे, त्याची शांतता दुसऱ्याच्या विश्रांतीतून कापून घ्यावी लागते. माझ्या दीड तासाच्या अभ्यासाची किंमत तीन रात्री अण्णांनी मोजली. आमच्यासारख्या पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांचे गुण पाहताना हा हिशोब कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते. आणि एक सूचनाही करते : महाविद्यालयाची अभ्यासिका सकाळी तास सुरू होण्यापूर्वी एक तास उघडता आली तर आमच्यासारख्या, पहिल्या गाडीने येऊन व्हरांड्यात उभ्या राहणाऱ्या मुलींना तो तास मिळेल. संध्याकाळ आमच्या हाती नाही. सकाळ तरी मिळावी.

आता माझ्या अर्ध्या खऱ्याचा उरलेला अर्धा. राहिलेल्या विषयाचा सगळा दोष टीव्हीला देताना मी एक गोष्ट लपवत होते. टीव्हीसमोर अण्णा झोपलेले असताना मी पुस्तक मांडीवर घेऊन पुष्कळदा मोबाईलच पाहत असे. अण्णांच्या टीव्हीला टायमर लावणाऱ्या मुलीने स्वतःच्या मोबाईलला तो लावला नव्हता. दुसऱ्याची मोटर बंद करणे सोपे, हे मी स्वतःवरूनच सांगते.

शेवटी काय झाले? एका रविवारी जेवताना मी अण्णांना सगळे सांगून टाकले. टायमर, रिमोट, रात्री अकराला टीव्ही का सुरू झाला ते, आणि तीन रात्री का बंद झाला तेही. वाटले होते रागावतील. ते भाकरी मोडता मोडता थांबले आणि म्हणाले, “आधी सांगायचं ना, माये. म्या समजलो टीव्ही खराब झाला. नवा घ्यायचा म्हणून पैशाचा इचार करीत होतो.” मग रिमोट हातात घेऊन म्हणाले, “दाव, कंची कळ.”

मी दाखवली. त्यांना इंग्रजी अक्षरे येत नाहीत, पण चंद्रकोर लक्षात राहिली. त्या कळेवर पाठवायची खूण आम्ही बदलून घेतली. म्हणजे आता ती दाबली की टीव्हीचाच टायमर लागतो. आता तेच लावतात. निजण्याआधी आवाज स्वतः कमी करतात, कोपऱ्यातला टेबल-फॅन चालू ठेवतात. थंडीतसुद्धा, तोंड भिंतीकडे करून. टीव्ही विझला तरी फॅनची घरघर चालू राहते, आणि बहुतेक रात्री त्यांना जाग येत नाही. बहुतेक म्हटले, कारण काही रात्री ते कळ दाबतच नाहीत. अशा रात्री मी विचारत नाही. पुस्तक उचलते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसते. ज्या दिवशी पाठ फार दुखते, त्या दिवशी त्यांना मोटर लागते, एवढे आता मला कळते.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, पुढल्या वर्षी फलकावर पुन्हा ‘शाप की वरदान?’ लागेल तेव्हा भाषण जरूर करा, बक्षीसही मिळवा. पण घरी गेल्यावर आपल्या वडिलांना, आजीला, जो कोणी चालू टीव्हीसमोर झोपत असेल त्याला, एकदा विचारा की तुम्ही काय ऐकत झोपता? उत्तर मिळाल्यावर त्यांना ती कळ दाखवा आणि त्यांच्याच बोटाने दाबू द्या. आणि त्याच रात्री आपल्या मोबाईललाही एक टायमर लावा. मी तीस मिनिटांचा लावला आहे. तो वाजल्यावर दर वेळी मी मोबाईल ठेवतेच असे नाही. पण राहिलेला विषय यंदा सुटला आहे.